वाईट पिक्चर तमिळमध्ये

गेल्या वर्षीच्या भोगीला माझी धाकटी बहीण आमच्या ओट्यावर बसून, आम्हा सगळ्यांच्या देखत मदत मागत होती आणि मी तिला नियम शिकवत होते. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी जे लिहिणार आहे त्यात हसण्यासारखंही बरंच आहे, आणि कोणी मनमोकळं हसावं नि मग शेवटी माझ्यावर चिडावं, असं मला नको आहे. चिडायचं तर आत्ताच चिडा. मी स्वतःवर रोज चिडते.

आम्ही कुंभकोणमचे मराठी. कोणी एक पूर्वज तंजावरच्या दरबारात कारकून होता म्हणे. पुढे दरबार गेला, आम्ही राहिलो. घराबाहेर पाऊल टाकलं की तमिळ, उंबऱ्याच्या आत आमची मराठी. तिला आम्ही नुसतं ‘आपलं’ म्हणतो. ‘तमिळमध्ये नक्को, आपल्यांत सांग,’ असं. मी आत्ता लिहिते आहे ती मराठी मी नोकरीच्या निमित्ताने पुण्यात बारा वर्षं काढली तेव्हा कमावली. तिथल्या ऑफिसात मी तोंड उघडलं की लोक पेन खाली ठेवून ऐकायचे. सगळ्यांना आम्ही ‘अस्की’ म्हणतो. ‘अस्की जेवले का?’ असं मी पहिल्या दिवशी डबा उघडताना विचारलं, तर एक बाई हसता हसता ठसका लागून बाहेर गेली. ऐतिहासिक नाटकातून पळून आलेली आहे, असं माझ्याबद्दल म्हणायचे. मला राग यायचा, पण आत कुठे तरी बरंही वाटायचं. आपली भाषा कोणाला कळत नाही यात एक सुख असतं. ते सुख आमच्या घरात जरा जास्तच होतं.

आता नियम. आमच्या वडिलांना पिक्चरचं वेड होतं. भोगीच्या सकाळी घराघरांसमोर जुनं सामान जाळतात. फाटक्या चटया, मोडके झाडू, गेल्या वर्षीचं कॅलेंडर. तो जाळ पेटला की वडील ओट्यावर बसायचे आणि कॉफीचा दुसरा टंबलर हातात घेऊन फर्मान काढायचे, की प्रत्येकाने वर्षातला सगळ्यात आवडलेला आणि सगळ्यात नावडता पिक्चर सांगायचा. नावडत्याचं नाव कॅलेंडरच्या पानामागे लिहून जाळात टाकायचं. आणि चांगला पिक्चर आपल्यात सांगायचा, वाईट तमिळमध्ये. समोरच्या घरातले तमिळ मास्तर यावरून वडिलांना चिडवायचे, की घाण टाकायला आमची भाषा बरी सापडली. वडील म्हणायचे, अहो, शिव्या द्यायला भरलेली भाषा लागते, आमची बिचारी उपाशी आहे. पण खरं कारण त्यांनी आम्हाला वेगळं सांगितलं होतं. घरच्या भाषेत वाईट बोललं की ते घरात राहतं, असं त्यांना वाटायचं.

वडील जाऊन नऊ वर्षं झाली. नियम मात्र मी चालवला. आईला त्याचं फारसं काही नव्हतं, अण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, नियम मोडायलाच आवडायचं. पण मी एकदा का एखादी गोष्ट धरली की सोडत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

धाकटीचं सासर तिरुविडैमरुदूरला, बसने अर्ध्या तासाच्या आतलं. तिचा नवरा तमिळ. भाताची शेती, खताचं दुकान, जुन्या गल्लीत लांबलचक घर. माणूस इतका मऊ बोलणारा की त्याचं ऐकायला पुढे वाकावं लागे. आमच्याकडे आला की कॉफीचा टंबलर स्वतः विसळून पालथा घालायचा, आणि तेवढ्यावर आई विरघळायची. ती त्याला कौतुकाने ‘माप्पिळ्ळै’ म्हणायची, जावईबापू म्हणावं तसं. लग्नाला बारा वर्षं झाली. बाराही भोग्यांना तो आमच्या ओट्यावर, खांबाला टेकून बसलेला. त्याला पिक्चर सांग म्हटलं की हसून म्हणायचा, मी ऐकतो. पहिली दोन-तीन वर्षं अण्णा त्याच्या कानाशी लागून आमच्या बोलण्याचं तमिळ करून सांगायचा. पुढे कधी तरी अण्णाने ते बंद केलं. कधी, ते कोणालाच आठवत नाही.

गेल्या वर्षीच्या भोगीला सकाळी धुकं होतं आणि धूर वर जायलाच तयार नव्हता. गल्लीभर तो गुडघ्याएवढा साचून राहिला. धाकटी आली ती मनगटापर्यंतच्या बाह्यांचं पोलकं घालून. मी म्हटलं, ही कसली नवी फॅशन, साठीची दिसतेस. तिने बाह्या नीट खाली ओढल्या. एरवी तिने मला दोन शब्द जास्त सुनावले असते.

आईने सुरुवात केली. तिला आवडलेल्या पिक्चरमध्ये एक म्हातारी नवऱ्याच्या माघारी स्कूटर शिकते आणि शेवटी ती घेऊन थेट समुद्रात जाते. समुद्रात का, ते आईलाही कळलं नव्हतं, पण तिला तो शेवट फार आवडला होता. नावडता सांगताना ती ऐटीत तमिळमध्ये गेली: नायकाने नारळाचं झाड उपटून चाळीस माणसं मारली, आणि झाडाचा एक नारळ पडला नाही. अण्णाने फोनवर पाहिलेल्या कुठल्याशा बर्फाळ देशातल्या पिक्चरची एवढी स्तुती केली की मी मध्येच थांबवलं. माझा आवडता होता एका टपालवाल्याचा. त्यात एकही गाणं नाही, म्हणून मी अर्ध्या तिकिटाचे गुण आधीच देऊन टाकले होते. नावडत्यावर मी तमिळमध्ये दहा मिनिटं बोलले. समोरचे मास्तर त्यांच्या ओट्यावरून टाळ्या वाजवत होते.

मग धाकटीची पाळी आली. ती म्हणाली, या वर्षी आवडता काही नाही, नावडताच सांगते. आणि आपल्यात सांगायला लागली.

“एक बाई आहे,” ती म्हणाली. “तिचा नवरा कधी आवाज चढवीत नाहीं. बाहेर जाताना तिच्या चपला कपाटांत ठेवतो आणि कुलूप घालतो.”

अण्णा फसकन हसला. म्हणाला, हा कसला खलनायक, चपलाचोर? मीही हसले. आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. धाकटीने आम्हाला हसू दिलं आणि पुढे सांगितलं. त्या बाईचा फोन नवऱ्याच्या खिशात असतो. कोणाचा आला तर तो शेजारी बसतो आणि तिने तमिळमध्येच बोलायचं. एके दिवशी भात मऊ होतो. तो रागावत नाही. तिला चुलीपाशी नेतो, भाताच्या वाफेवर तिचा हात धरतो आणि हळूहळू दहापर्यंत मोजतो.

इथे हसू जरा विरलं. एवढं मला आठवतं, आणि हेही आठवतं की ते विरलेलं मला आवडलं नाही. सणासुदीच्या सकाळी असला पिक्चर कशाला सांगावा? मी टंबलर खाली ठेवला आणि म्हणाले, “नियम काय आहे? वाईट पिक्चर तमिळमध्ये.”

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, “अक्का, मला हें आपल्यांत सांगायचं आहे.”

मी म्हणाले की नियम वडिलांचा आहे, माझा नाही. अण्णाला एरवी नियमाचं वावडं, पण त्या दिवशी तोही माझ्या बाजूने झाला. त्यालाही तो पिक्चर ऐकायचा नसावा. तेवढ्यात तिच्या नवऱ्याने खांबाला टेकल्या टेकल्या, हसत, तमिळमध्ये विचारलं की काय चाललंय. मी सांगितलं, तुमच्या बायकोने नियम मोडला. तो धाकटीकडे वळला आणि त्याच मऊ आवाजात म्हणाला की तमिळमध्ये सांग ना, म्हणजे मलाही हसता येईल.

धाकटीने एकदा आमच्या सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. मग तिने तमिळमध्ये एका गाजलेल्या विनोदी पिक्चरचं नाव घेतलं. नायक म्हातारा, मध्यंतर लांब, पैसे वाया. दोन वाक्यांत संपवलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. कॅलेंडरचं पान तिने चार घड्या घालून जाळात टाकलं. ते उलगडत जळलं तेव्हा मी पाहिलं, त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. मला वाटलं, पेन मिळालं नसेल.

नंतर स्वयंपाकघरात ती आईला पोळ्या लाटून देत होती तेव्हा मी तिला विचारलं, त्या चपलांच्या पिक्चरचा शेवट काय. ती लाटणं न थांबवता म्हणाली, “अजून बघितला नाहीं.” आणि मी तिला झापलं. शेवट न पाहता पिक्चरला वाईट ठरवायचं नाही, हाही आमचा नियम होता.

मी त्या पिक्चरच्या मागे लागले ते काळजीने नव्हे. माझ्या नजरेतून एक पिक्चर निसटला याचा मला राग आला होता. अण्णाच्या फोनवर शोधायला लावलं. गावातल्या थिएटरच्या मॅनेजरला गाठून विचारलं, की चपलांना कुलूप घालणाऱ्या नवऱ्याचा पिक्चर कोणता. त्याने कपाळाला आठ्या घालून विचार केला आणि म्हणाला, अम्मा, असा पिक्चर कोण काढेल, नि कोण बघेल. मी धाकटीला नाव विचारायला फोन केला. ती तमिळमध्ये बोलली. सौख्यम्, सगळं सौख्यम्. मी आपल्यात विचारत होते आणि ती तमिळमध्ये उत्तर देत होती. फोन ठेवल्यावर मी आईला म्हटलं, हिला शिंगं फुटली आहेत, आता घरची भाषाही नको झाली. आई म्हणाली की गेलं वर्षभर फोनवर ती माझ्याशीही अशीच बोलते. मग आम्ही दोघी काही वेळ एकमेकींकडे न बघता वाटाणे सोलत बसलो. मला काही तरी सुचत होतं आणि मी ते सुचू देत नव्हते.

तैपूसम्‌ला, म्हणजे भोगीनंतरच्या पौर्णिमेच्या उत्सवाला, तिरुविडैमरुदूरच्या देवळात मोठी गर्दी असते. आई दरवर्षी जाते, त्या वर्षी मीही गेले. धाकटी आणि तिचा नवरा आम्हाला दर्शनाच्या रांगेतच भेटले. देवळात सगळेच अनवाणी, तेव्हा तिथे काही कळायचा प्रश्नच नव्हता. दुपारी आम्ही बाहेर आलो. मी बिल्ला देऊन माझ्या आणि आईच्या चपला घेतल्या, त्याने आपल्या घेतल्या. धाकटी चपलांच्या टपरीसमोर थांबलीच नाही. सरळ डांबरी रस्त्यावर उतरली आणि टाचा न टेकवता उभी राहिली. ऊन असं होतं की मला चपलेतूनही चटका बसत होता.

मी विचारलं, चपला कुठे. उत्तर त्याने दिलं. नवस आहे, म्हणाला, वर्षभर अनवाणी चालायचा. टपरीतली बाई बिल्ले ओवत होती. ती मान वर न करता तमिळमध्ये सहज म्हणून गेली की ही पोर दर आठवड्याला येते, पण चपला कधी ठेवत नाही.

तेव्हा मला कळलं. कळलं म्हणजे सगळं एकदम कळलं; बाह्या, खिशातला फोन, कोरं पान. आणि खरं सांगायचं तर त्याच्या पाठोपाठ मला माझ्या हुशारीचाही मोह झाला. तो दोन हातांवर उभा होता, पण आमच्याकडे आपली भाषा होती. मी चेहरा हसरा ठेवला आणि भोगीचाच विषय पुढे चालवल्यासारखं आपल्यात म्हणाले, “त्या पिक्चरचा शेवट मला सांपडला. शुक्रवारीं तो दुकानीं गेला कीं दहाच्या गाडीनें मी येतें. मागलं दार उघडं ठेव.”

धाकटीचा चेहरा पांढरा पडला. ती तमिळमध्ये म्हणाली की अक्का, मला तो पिक्चर आठवत नाही. मला वाटलं, काय छान वठवते आहे.

तिच्या नवऱ्याने शेजारच्या बाईकडून मोगऱ्याचा गजरा घेतला, तो आईच्या हातात दिला आणि माझ्याकडे वळला. आवाज नेहमीसारखाच मऊ. मी सवयीने ऐकायला पुढे वाकले.

“शुक्रवारीं मी घरींच आहें, अक्का,” तो म्हणाला. “अस्की जेवायलाच या.”

आमची मराठी. एकही चूक नाही. ‘अस्की’सुद्धा बरोबर, ज्या शब्दावर पुण्यातली बाई ठसका लागेपर्यंत हसली होती. आईच्या हातून गजरा खाली पडला. बारा वर्षं हा माणूस आमच्या ओट्यावर बसून म्हणत होता की मी ऐकतो, आणि आम्ही त्याचा अर्थ कधी लावला नाही. भोगीच्या दिवशी त्याने प्रत्येक शब्द ऐकला होता. चपला, कपाट, वाफ, दहापर्यंतचं मोजणं. मग तिला म्हणाला होता, तमिळमध्ये सांग, मलाही हसता येईल. त्यानंतर ती त्याच्याबरोबर घरी गेली होती. मध्ये कित्येक दिवस गेले होते, आणि ते दिवस तिने त्याच घरात काढले होते.

मला भीती वाटली. इतकी, की क्षणभर मी देवळाच्या दाराकडे वळलेही. मग मी माझ्या चपला पायातून काढल्या आणि धाकटीसमोर ठेवल्या. तिने त्यात पाय घातले. त्या तिला मोठ्या होत होत्या. आणि मी तमिळमध्ये सुरू केलं. मोठ्याने, दहा मिनिटं टीका करते त्या आवाजात. एक बाई आहे, म्हणाले. तिचा नवरा कधी आवाज चढवत नाही. बाहेर जाताना तिच्या चपला कपाटात ठेवून कुलूप घालतो. फुलवाली थांबली. टपरीतल्या बाईने बिल्ले खाली ठेवले. मी चुलीपर्यंत आले तेव्हा धाकटीने, कोणी न सांगता, उजवी बाही कोपरापर्यंत वर केली. मी पुढचं बोलायची गरज राहिली नाही. टपरीतली बाई उठून त्याच्या आणि धाकटीच्या मध्ये येऊन उभी राहिली. तो हसत होता. शेवटपर्यंत हसत होता, आणि आम्ही तिघी बसमध्ये चढेपर्यंत जागचा हलला नाही.

त्याला आता वर्ष होत आलं. धाकटी आमच्याकडे आहे. महिला पोलिसांकडे तक्रार लिहून दिली आहे, वकील आहे, तारखा पडतात. दर शुक्रवारी तो गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल लावतो आणि तिला टेकून उभा राहतो. काही करत नाही. आई भाजीला निघाली की नमस्कार करून विचारतो, बरें आहांत ना. आपल्यात. आई आता भाजी दारावरच घेते. अण्णाने मागच्या दाराला दुसरी कडी बसवली. आणि घरात आम्ही सगळे खालच्या आवाजात बोलतो, कारण जी भाषा आम्हाला तिजोरीसारखी वाटत होती, तिची किल्ली कोणाकडे आहे हे आता ठाऊक झालं आहे. या भोगीला आम्ही जाळ पेटवला, पण ओट्यावर कोणी बसलं नाही. पिक्चरचा विषय निघाला नाही.

परवा दुपारी धाकटी आणि मी माजघरात तांदूळ निवडत होतो. माझ्या मनात महिनोन् महिने एकच गोष्ट घोळत होती, ती मी शेवटी विचारली. म्हटलं, त्याला आपली भाषा येते हे तुलाही देवळापाशीच कळलं ना? तिने मान हलवली, नाही म्हणून. पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं, म्हणाली. “तो आपल्यांतच मोजायचा.”

मी सूप खाली ठेवलं. मला वाटत होतं की त्या भोगीला ती त्याच्यापासून लपवून आम्हाला सांगत होती. तसं नव्हतंच. तो प्रत्येक शब्द ऐकतो आहे हे माहीत असून, त्याच्या तोंडावर, तिने तो पिक्चर सांगायला घेतला होता. मी विचारलं, मग एवढं धाडस कशाच्या जोरावर केलंस.

ती तांदळातले खडे वेचत राहिली.

“तुम्ही अस्की होतां तिथें,” ती म्हणाली.